सासूला 'आत्ती' का म्हणायचे? नात्यांच्या शब्दांत उरलेले सोयरिकीचे नियम

कोल्हापूरकडच्या अनेक घरांत नवी सून सासूला 'आत्ती' आणि सासऱ्याला 'मामा' म्हणते. सासू तिच्या वडिलांची बहीण नसते आणि सासरा तिच्या आईचा भाऊ नसतो. पुष्कळदा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमापूर्वी तिने त्या दोघांना पाहिलेलेही नसते. तरी उंबऱ्यावरचे माप ओलांडले की दुसऱ्या दिवसापासून ती परकी बाई तिची आत्ती होते. माझ्या धाकट्या भावाची बायको नागपूरची आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने मला सरळ विचारले, "भाऊजी, आईंना शेजारच्या सगळ्या सुना आत्ती का म्हणतात? त्या इतक्या जणींच्या आत्या कशा?" त्या वेळी मला 'आमच्याकडे पद्धतच आहे' यापलीकडे उत्तर सुचले नाही. पद्धत आहे हे खरे असले, तरी ती का पडली याला एक पक्के, जुने आणि समजून घेण्याजोगे कारण आहे.

ते कारण असे, की या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती आणि काही प्रमाणात ती अजूनही आहे. एका घरात एक भाऊ आणि एक बहीण आहे असे समजा. बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि तिला मुलगा झाला. भाऊ घरीच राहिला आणि त्याला मुलगी झाली. ही दोन मुले एकमेकांची आते-मामे भावंडे. आता त्यांचेच लग्न लावले, तर मुलीची सासू कोण होईल? तिची सख्खी आत्या. मुलाचा सासरा कोण होईल? त्याचा सख्खा मामा, आणि सासू त्याची मामी. मुलीचा सासरा तिच्या आत्याचा नवरा, आणि आत्याच्या नवऱ्यालाही आमच्याकडे बहुतेक घरांत मामाच म्हणतात. म्हणजे अशा लग्नात कोणालाही नवे संबोधन शिकावे लागत नाही; लहानपणापासून तोंडात बसलेलेच शब्द लग्नानंतर चालू राहतात. पिढ्यानपिढ्या अशी लग्ने होत गेली, तेव्हा 'आत्ती' या शब्दाचा अर्थ केवळ वडिलांची बहीण असा न राहता 'जिच्या घरी मी सून म्हणून जाते ती बाई' असा झाला, आणि पुढे नात्याबाहेरच्या घरात लग्न झाले तरी तोच शब्द वापरला जाऊ लागला. जुन्या मराठीत सासऱ्याला 'मामंजी' म्हणत, तेही याच हिशेबातले.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो, कारण बाहेरच्या माणसाचा गोंधळ नेमका तिथे होतो. इंग्रजी बोलणारा ज्यांना सरसकट 'कझिन' म्हणून मोकळा होतो, त्यांच्यासाठी मराठीत चार स्वतंत्र शब्द आहेत: चुलत, मावस, आते आणि मामे. हे चार शब्द उगाच तयार झालेले नाहीत. काकाची आणि मावशीची मुले ही भावंडेच. त्यांच्याशी लग्नाचा विचारसुद्धा पाप समजला जातो. मामाची आणि आत्याची मुले मात्र भावंडे असूनही सोयरिकीच्या कक्षेत येतात. रक्ताच्या हिशेबाने पाहिले तर चौघेही सारखेच जवळचे, तेव्हा हा भेद रक्ताचा नसून समाजाने आखलेला आहे हे उघड आहे. काका म्हणजे दुसरा बाप आणि मावशी म्हणजे दुसरी आई, असे ही व्यवस्था मानते. थोरल्या काकूला 'थोरली आई' म्हणणारी घरे आजही आहेत आणि 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण सर्वांनाच ठाऊक आहे. आईच्या जागी असलेल्या बाईची मुले आपली सख्खीच. मामा आणि आत्या हे मात्र आई-बापाचे भाऊ-बहीण असले, तरी दुसऱ्या घराच्या दारातून आपल्याकडे पाहणारे लोक आहेत, आणि सोयरीक जुळते ती अशाच दोन दारांमध्ये.

हा शब्दांचा खेळ एकट्या मराठीचा नाही. कोल्हापुरातून निपाणीकडे निघालो की तासाभरात कन्नड पाट्या दिसू लागतात, आणि कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे वडिलांची बहीण आणि सासूही, तर 'माव' म्हणजे आईचा भाऊ आणि सासराही. तमिळ आणि तेलुगूतही हीच रचना सापडते. आपल्याकडचे आक्का आणि अण्णा हे शब्दही त्याच शेजारातले. तरीसुद्धा आत्ती हा शब्द शेजारच्या भाषेकडून नुकताच उचललेला आहे असे समजण्याचे कारण नाही, कारण सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत सासूसाठी 'अत्ता' हाच शब्द येतो. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची सून सासूला ज्या शब्दाने संबोधत होती, त्याच्या अगदी जवळचा शब्द आजची राधानगरीची सून वापरते, ही गोष्ट मला स्वतःला कोणत्याही शिलालेखापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

धर्मशास्त्रकारांनाही या चालीची पूर्ण कल्पना होती. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडचे म्हणून जे पाच वेगळे आचार सांगितले आहेत, त्यांत शिळे अन्न खाणे, बायकोबरोबर जेवणे अशा गोष्टींच्या रांगेत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह करणे हेही येते. त्यावर बौधायनाचा निर्णय मोठा व्यवहारी आहे: ज्या प्रदेशात जो आचार चालत आला आहे, तिथे तो दोषास्पद नाही, मात्र दक्षिणेचा आचार उत्तरेत किंवा उत्तरेचा दक्षिणेत करणाऱ्याला दोष लागतो. महाभारतात तर उदाहरण समोरच आहे. कुंती ही वसुदेवाची बहीण, सुभद्रा ही वसुदेवाची मुलगी; म्हणजे अर्जुनाने पळवून नेली ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडची पोरे मामाच्या मुलीवरून एकमेकांना चिडवतात, तेव्हा आपण केवढी मोठी परंपरा चालवतो आहोत याची त्यांना कल्पना नसते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले आणि महाराष्ट्राला मधल्या पट्ट्यात ठेवले. उत्तरेत मुलगी अनोळखी गावात, अनोळखी घरात द्यायची रीत आहे. आई आणि वडील दोघांकडचीही नाती तिथे विवाहाला वर्ज्य असतात. दक्षिणेत मुलगी शक्यतो नात्यात द्यायची, इतकी की मामा-भाचीचे लग्नही अनेक समाजांत मान्य आहे. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे आणि इथली तडजोड एकतर्फी आहे: भावाची मुलगी बहिणीच्या मुलाला देणे पसंत, पण उलट बाजूने, म्हणजे बहिणीची मुलगी भावाच्या मुलाला करून घेणे, फारसे पसंत नाही. याचे कारण मानपानात आहे. मुलगी देणारे घर घेणाऱ्या घरापेक्षा एक पायरी खाली उभे राहते, अशी समजूत आहे, आणि आज ज्या घराला मुलगी देऊन मान दिला, त्याच घराकडून उद्या मुलगी आणायची म्हणजे पायऱ्याच उलटतात. साटेलोटे करणारी कुटुंबे आहेत, परंतु त्यामागे बहुधा हुंडा आणि लग्नखर्च वाचवण्याची अडचण असते.

आता ही चाल का टिकली, याकडे वळू. मुलीच्या बाजूने पाहिले तर ओळखीचे घर, आपल्याच वडिलांच्या बहिणीचे स्वयंपाकघर, ही मोठी सोय होती. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला सासरी धाडण्याच्या काळात ही सोय लहान नव्हती. (आत्या सासू झाल्यावर आत्याच राहते का, या प्रश्नावर आमच्या घरातील बायका दोन तट पडून भांडतात, म्हणून तो इथे सोडून देतो.) परंतु माझ्या मते खरे कारण भाऊ आणि बहीण यांच्यातील एका अपुऱ्या हिशेबात आहे. जमीन भावाला मिळत असे आणि बहिणीला काहीच मिळत नसे. त्या बदल्यात भावाने जन्मभर तिचे माहेर चालवायचे: नागपंचमीला तिला आणायचे, गौरीला बोलवायचे, भाऊबीजेला ओवाळणी घालायची, तिच्या पहिल्या बाळंतपणाचा भार उचलायचा. भावाची मुलगी बहिणीच्या घरात सून म्हणून गेली, की हे देणे-घेणे आणखी एक पिढी पुढे सरकते आणि माहेरची वाट मोडत नाही.

मामा या माणसाला आपल्या सगळ्या विधींमध्ये जे स्थान आहे, ते या हिशेबातून नीट समजते. बाळाचे जावळ काढायचे ते मामाच्या मांडीवर बसवून. लग्नात मुहूर्ताची वेळ जवळ आली की कार्यालयातल्या कर्ण्यावरून भटजींची हाक येते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे," आणि इतका वेळ मांडवाच्या कडेला फेटा सावरत बसलेला तो माणूस एकदम सगळ्या समारंभाच्या मध्यभागी येतो. भाचीचा हात धरून तिला अंतरपाटापर्यंत आणतो आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. त्या वेळी वडील तिथे असतातच, पण पाठीशी उभे राहण्याचा मान मामाचा. आत्याचा मान वेगळा आहे. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचे ते आत्याने. ज्या घरातून तिला जमिनीचा तुकडा मिळाला नाही, त्या घरातील पुढच्या माणसाचे नाव ती ठेवते.

मान दिला म्हणजे हक्क दिला असे होत नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आमच्या शेताच्या वेळची गोष्ट मला आठवते. आजोबा गेल्यानंतर वडिलांच्या चारही बहिणी एकाच जीपमधून तालुक्याच्या गावी गेल्या, त्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, चौघींना एकेक साडी-चोळी मिळाली आणि परत येताना सगळ्यांनी मिळून उसाचा रस प्यायला. कोणी तक्रार केली नाही. धाकटी आत्या तेवढी रसाचा ग्लास हातात धरून बराच वेळ काही बोलली नाही. कायद्याने चित्र बदलले आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे हक्क देण्यास सुरुवात केली, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला, आणि हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही हक्कसोडपत्रे थांबलेली नाहीत, कारण सही न करणाऱ्या बहिणीला माहेर तुटण्याची भीती असते. गौरीच्या साडीत आणि सातबाऱ्यावरच्या नावात एकाची निवड करायला लावणारी रीत कितीही जुनी असली, तरी तिला मी चांगली म्हणणार नाही.

याच व्यवस्थेतून माणसाची ओळखही ठरते. गारगोटीच्या किंवा गगनबावड्याच्या एसटीत शेजारी बसलेला वयस्क माणूस तुमचे नाव विचारून थांबत नाही. "कुठलं गाव? कुणाच्यातला तू?" असे तो विचारतो, आणि मामाचे गाव, आत्याचे घर, चुलत्याची सोयरीक अशा तीन-चार पायऱ्या चढून पाच मिनिटांत तुमच्याशी काहीतरी नाते काढतोच. नाते निघाले की तुम्ही 'पाव्हणं' होता. हा केवळ कुतूहलाचा भाग नाही. ज्यांच्याशी सोयरीक होऊ शकते तो आपला गोतावळा, आणि त्या गोतावळ्याची बाहेरची सीमा म्हणजेच जात; म्हणून 'कुणाच्यातला' या साध्या प्रश्नात जातीचाही प्रश्न गुंडाळलेला असतो. छत्रपती शाहू महाराजांनी हे बरोबर ओळखले होते. त्यांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला, आणि केवळ कायद्यावर न थांबता कागलच्या घाटगे घराण्यातील, म्हणजे स्वतःच्या जन्मघराण्यातील मुलीची सोयरीक इंदूरच्या होळकरांशी जुळवली. मराठा आणि धनगर ही दोन घराणी एकमेकांची व्याही झाली, की जातीची भिंत भाषणाशिवाय हलते, असा तो विचार होता.

सोयरिकीच्या आतल्या सीमा पाहायच्या असतील, तर लग्नाचा बायोडाटा हातात घ्यावा. शिक्षण, नोकरी, उंची यांच्या खाली कुळ, देवक, मामांचे नाव व गाव आणि 'पाहुणे' म्हणून दहा-बारा आडनावे असतात. देवक म्हणजे कुळाचे पूज्य चिन्ह. कोणाचे पंचपल्लव, कोणाचे कळंब, कोणाचे मोरपीस. दोन्हीकडचे देवक एकच निघाले तर मुले एका कुळाची, म्हणून लग्न होत नाही. आडनाव सारखे असणे वेगळे आणि देवक सारखे असणे वेगळे, हे शहरातल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मामांचे नाव अशासाठी, की आईकडचे कुळही तपासता यावे. लग्नपत्रिकेतही हीच कहाणी थोड्या आनंदी सुरात असते: वर 'श्री जोतिबा प्रसन्न, श्री अंबाबाई प्रसन्न', आणि तळाला घरातल्या चिमुरड्यांच्या नावांसह 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ. 'काकाच्या' ऐवजी 'मामाच्या' छापले असेल, तर नवरदेवाच्या बहिणीची लेकरे माहेरी मुक्कामाला आली आहेत हे पत्रिका हातात घेतल्याबरोबर कळते. लग्नानंतर जोडीने जोतिबाच्या डोंगरावर जाऊन गुलाल-खोबरे उधळायचे, म्हणजे नव्या सुनेची नोंद सासरच्या कुलदैवताकडे झाली.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याबाबत आजचा कायदा काय म्हणतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार भाऊ-बहिणीची मुले, दोन भावांची मुले आणि दोन बहिणींची मुले ही सगळीच निषिद्ध नात्यात येतात; म्हणजे चुलत, मावस, आते, मामे असा फरक कायदा करत नाही. मात्र दोन्ही पक्षांना लागू असलेली रूढी अशा विवाहाला परवानगी देत असेल तर तो वैध ठरतो. बौधायनाने जे प्रदेशाबद्दल म्हटले, तेच संसदेने रूढीबद्दल म्हटले. ही रूढी दीर्घकाळ आणि अखंड चालत आलेली आहे हे सिद्ध करण्याची वेळ आली, तर तो भार रूढी सांगणाऱ्यावर असतो.

वैद्यकाचे मत मात्र रूढीकडे पाहत नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच असल्याने त्यांची सुमारे एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के, जनुके समान असतात. प्रत्येक माणसाच्या शरीरात काही सदोष जनुके निद्रिस्त असतात आणि जोडीचे दुसरे जनुक चांगले असेपर्यंत ती त्रास देत नाहीत. आजोबांकडून आलेले तेच सदोष जनुक नवरा-बायको दोघांतही असेल, तर मात्र प्रत्येक बाळाला दोन्हीकडून ते मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि थॅलेसेमिया किंवा जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार अशाच मार्गाने येतात. सर्वसाधारण जोडप्यांच्या बाळांत गंभीर जन्मजात दोषांचे प्रमाण सुमारे २ ते ३ टक्के मानले जाते आणि अशा जोडप्यांत ते साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. आमच्या गावात अशी लग्ने झालेली घरे सुखाने नांदत आहेत आणि ती मंडळी डॉक्टरांच्या बोलण्यावर हसतात, ते यामुळेच. पण ज्या घरात पिढ्यान् पिढ्या नात्यातच लग्ने झाली आहेत, तिथे धोका साचत जातो, आणि अशा जोडप्याने लग्नापूर्वी रक्ताची तपासणी आणि जनुकीय सल्ला घेणे शहाणपणाचे आहे.

नियम असे एकेक करून सुटत चालले आहेत. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहायचे असाही नियम राज्याने केला आहे. आमच्या पुतणीचा दाखला तसाच आला. तो पाहून आईने चष्मा वर करून दोनदा वाचला आणि "म्हंजे हिचं नाव आधी?" एवढेच विचारले.

ती 'हिचं' म्हणजे नागपूरची सून. आमच्या घरात मामाच्या मुलीशी शेवटचे लग्न झाले त्याला आता दोन पिढ्या उलटल्या आहेत. नागपूरची सून घरात आईला 'आई'च म्हणते, पण गल्लीतल्या बायकांशी बोलताना तिच्याही तोंडून 'आमच्या आत्ती' असेच निघते. परवा तिच्या फोनवरून मला एक नंबर शोधून द्यायचा होता, तेव्हा यादीत एकाखाली एक दोन नोंदी दिसल्या: 'आत्ती' आणि 'आत्या'. पहिली आमची आई, दुसरी तिच्या वडिलांची नागपूरची बहीण.